जुलैत गालिचा धुवू नका, ताई

पत्र : शिवाजी पेठेत आमचं जुनं दुमजली घर आहे. खालच्या सोप्यात शहाबादी फरशीवर ६ बाय ९ फुटांचा लोकरी गालिचा असतो. मिस्टरांची शेती पन्हाळ्याच्या बाजूला, त्यामुळं पावसाळाभर घरात तांबडा चिखल. गेल्या जुलैत वैतागून गालिचा धुण्याची पावडर लावून घासला आणि गॅलरीत टाकला. वाळायला आठ दिवस लागले. आता कुबट वास येतो, कडेला तपकिरी पट्टे उमटलेत आणि उचलला की खालून पिठासारखी पांढरी पूड पडते. चिखलाचे डाग गेले नाहीत ते नाहीतच. यंदा काय करू? दुसरं असं, की लेक टोरांटोला भाड्याच्या घरात राहते. तिथं भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा आहे. बर्फाच्या दिवसांत दारापाशी पांढरे डाग पडतात आणि घरमालक डिपॉझिट कापेल अशी तिला धास्ती आहे. तिलाही काही सांगा.
— एक वाचक, कोल्हापूर

ताई, त्या पांढऱ्या पुडीपासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या गालिच्याची जात तिच्यावरूनच कळते. त्याच्या पाठीला जाडसर कापड डकवलेलं असणार. तसं असेल तर हा गाठींचा गालिचा नाही, टफ्टेड आहे. ताणलेल्या कापडात बंदुकीसारख्या यंत्रानं लोकरीचे धागे ठोकतात, ते निसटू नयेत म्हणून मागून लॅटेक्सचा, म्हणजे रबराच्या चिकाचा लेप देतात आणि त्यावर दुसरं कापड चिकटवतात. या लेपात भर म्हणून खडूची भुकटी मिसळलेली असते. गालिचा आठ-आठ दिवस ओला राहिला की लेपाची पकड सुटते आणि तो झडायला लागतो. खाली पडते ती धूळ नव्हे, गालिच्याला धरून ठेवणारा डिंकच आहे. गाठींचा गालिचा उलटा केला तर पाठीवर तीच नक्षी गाठीगाठीनं दिसते. त्याला लेपच नसतो, म्हणून तो पाणी जास्त सोसतो.

तपकिरी पट्ट्यांचं कारण वेगळं. ओला गालिचा वरून वाळतो. आतलं पाणी धाग्यातून वर चढतं, टोकाशी येऊन उडून जातं आणि सोबत आणलेलं सगळं तिथंच टाकून जातं : पाठीच्या सुती किंवा तागाच्या कापडाचा रंग, तळातली माती, न निघालेली पावडर. कडा आधी वाळतात, म्हणून पट्टे कडेला. धुण्याची पावडर अल्कलीधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची असते आणि तागासारख्या धाग्याला अल्कली लागली की तो तपकिरी रंग सोडतो. शिवाय लोकर म्हणजे केसासारखंच प्रथिन आणि डाग काढण्यासाठी पावडरीत घातलेली काही एन्झाइम प्रथिनंच तोडतात. शर्टाच्या कॉलरीला ते चालतं, लोकरीला नाही.

आता यातून काय वाचेल? गालिचा पालथा घालून पाठीचं कापड एका कोपऱ्यात चिमटीत धरा आणि हलकेच ओढा. वीतभर जागेत सुटत असेल आणि बाकी घट्ट असेल, तर गालिचा अजून काही वर्षं काढेल. फक्त तो झोडपायचा नाही आणि पुन्हा भिजवायचा नाही. सगळीकडेच सुटत असेल, लवेचा, म्हणजे वरच्या केसाळ थराचा, धागा ओढला की हातात येत असेल, तर जुना लेप खरवडून नवा लेप आणि नवं कापड लावावं लागतं. हे काम गालिचे दुरुस्त करणाऱ्याचं आहे आणि त्याचा खर्च नव्या गालिच्याच्या जवळ जात असेल तर करू नका, टफ्टेड गालिच्यात तेवढा जीव गुंतवण्यात अर्थ नाही. कुबट वास दोन कापडांच्या मधल्या बुरशीचा आहे. वरून अत्तर, सुगंधी पावडर, खाण्याचा सोडा काहीही टाकलंत तरी तिथं पोचत नाही. पावसाळी हवेत सोडा तर ओल धरून धाग्यांच्या बुडाशी लापशीसारखा बसतो. ऑक्टोबरचं ऊन पडेपर्यंत थांबा. तेव्हा दोन-तीन सकाळी पाठ वर करून दोन-दोन तास टाका.

यंदासाठी मात्र काम करण्याचा क्रमच बदला. माती आधी कोरडी काढायची, ओलं काम शेवटी आणि तेही हाताच्या तळव्याएवढ्या जागेपुरतं. चोवीस तासांत वाळणार नसेल तर पाण्याला हातच लावायचा नाही. ओल्या वस्तूवर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात. जुलै-ऑगस्टात कोल्हापूरच्या हवेत आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते. त्यात लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ओल पोटात घेऊन हाताला कोरडी लागू शकते. त्यामुळं तळव्याचा भरवसा धरू नका. लवेत बोटं घालून बुडाशी हाताची पालथी बाजू टेकवा. शेजारच्या न धुतलेल्या जागेपेक्षा थंड लागली तर आत पाणी आहे.

खरं काम गालिच्यावर नाही, दारात आहे. आपल्याकडं चपला बाहेरच निघतात, त्यामुळं चिखल चपलेनं आत येत नाही असं वाटतं. पण पावसाळी रबरी चपलेची टाच चालताना पाण्याचे शिंतोडे वर उडवते. चिखल पायाच्या मागच्या बाजूला, बोटांच्या बेचक्यांत आणि पँटच्या काठाला बसतो आणि तसाच ओल्या पायानं सोप्यात येतो. दारातलं काथ्याचं पायपुसणं पहिल्या आठवड्यातच भिजून गच्च होतं आणि नंतर चिखल पुसण्याऐवजी तोच पुढच्या पायाला लावतं. पावसाळ्यापुरता काथ्या उचलून ठेवा. उंबऱ्याबाहेर भोकाभोकांची जाड रबरी मॅट टाका, साधारण २ बाय ३ फूट. चिखल भोकांतून खाली पडतो, पाय वरच्या कोरड्या जागी राहतो आणि रोज उचलून एक बादली पाणी मारलं की काम झालं. तिच्या शेजारी बादली आणि तांब्या. पाय धुतल्यावर उंबऱ्याच्या आत सुती पायपुसणं, तेही एक नव्हे, एकापुढे एक दोन. प्रत्येक पायाची किमान दोन-दोन पावलं पुसण्यावर पडली पाहिजेत, म्हणजे साधारण पाच-सहा फूट लांबी हवी. एवढ्यात पाय खरंच कोरडा होतो. अशी सहा पायपुसणी घेऊन ठेवा : दोन दारात, दोन धुण्यात, दोन वाळत. जुलैत वाळत टाकलेलं काहीच दुसऱ्या दिवशी हाती येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. रबरी पाठीची पायपुसणी घेऊ नका, खाली ओल कोंडते. छत्र्या, रेनकोट बाहेरच खिळ्याला टांगा आणि खाली घमेलं ठेवा.

मिस्टरांसाठी निराळी वाट काढा. शेतावरून आल्यावर गमबूट पडवीतच, आणि माणूस मागच्या दारानं थेट न्हाणीत. पँटच्या काठाला वाळलेला चिखल दिसत नाही, पण बसल्या-उठल्यावर तोच चुरा होऊन गालिच्यात झिरपतो. घरच्या कर्त्या माणसाला मागच्या दारानं यायला सांगणं काही घरांत अवघड जातं, तरी तेवढं कराच.

आणि स्पष्टच सांगायचं तर, पावसाळ्याचे चार महिने तुमच्या सोप्यात तो गालिचा असूच नये. तिथं सुती सतरंजी अंथरा. भिजली, मळली तर ती धुता येते आणि घट्ट पिळून पंख्याखाली दोन दिवसांत वाळतेही. गालिचा वरच्या मजल्यावर न्या. पण तोही कुठंही टाकू नका, आधी फरशीची परीक्षा घ्या. पॉलिथिनचा साधारण दीड फूट चौकोन कापा आणि फरशीवर चारही कडांनी रुंद चिकटपट्टीनं घट्ट बसवा. २४ तासांनी उचलून पाहा. पॉलिथिनच्या खालच्या अंगाला दव असेल किंवा तेवढीच फरशी काळपट झाली असेल, तर ओल जमिनीतून वर येतेय. पेठांमधल्या जुन्या घरांच्या तळमजल्यावर असं सर्रास होतं. दव वरच्या अंगाला असेल तर ती हवेतली ओल. पहिल्या प्रकारात त्या खोलीत पावसाळाभर काहीच अंथरू नये, सतरंजीसुद्धा रात्री उचलावी. दुसऱ्या प्रकारात दिवसातून दोनदा पंखा लावून खिडकी उघडी ठेवली तर भागतं. खिडकी बंद करून नुसता पंखा फिरवला तर तीच ओली हवा घरात घुमत राहते.

समजा गालिचा वरच्या खोलीत आहे आणि तरी पोरांनी चिखल आणलाच. तर तो तसाच वाळू द्या. लगेच पुसायला गेलात तर एका पावलाचा डाग हातभर पसरतो आणि पातळ होऊन बुडाशी उतरतो. पंखा त्या जागेवर आणा. एरवी तासाभरात वाळतो, झडीच्या दिवसात अर्धा दिवस धरा. वाळला की चमच्याच्या कडेनं लवेच्या दिशेनं खरवडा, मग व्हॅक्यूम. व्हॅक्यूम हळू चालवा. हातभर अंतर जायला तीन-चार सेकंद, तेवढीच परत यायला, आधी लांबीनं आणि मग आडवं. भराभर चार हात मारण्यापेक्षा सावकाश दोन हातांत जास्त माती निघते, कारण बुडाशी बसलेले कण वर यायला वेळ लागतो. हे कण धारदार असतात आणि पाय पडेल तसे लोकरीचा धागा मुळाशी कापतात. चालायच्या वाटेवर गालिचा विरळ होतो तो झिजून कमी आणि असा कापला जाऊन जास्त. तुमच्या मशीनला फिरता ब्रश असेल तर टफ्टेड आणि गाठींच्या गालिच्यावर तो बंद ठेवा आणि झालरीजवळ तर नेऊच नका. यंत्रावर विणलेल्या कृत्रिम धाग्याच्या गालिच्यावर चालेल. ओला चिखल व्हॅक्यूमनं ओढू नका. कागदी पिशवी आतून कुजते आणि पुढच्या वेळी तोच वास घरभर होतो. व्हॅक्यूम नसेल तर कडक केरसुणीनं लवेच्या दिशेनं झाडा. गाठींचा गालिचा असेल तर आठवड्यातून एकदा स्वच्छ लादीवर पालथा घालून पाठीवर तळव्यानं थोपटा आणि मग उचलून पाहा. लादीवर बारीक वाळूची नक्षीच उमटलेली दिसते, नेमकी जिथून माणसं ये-जा करतात तिथं. तुमच्या लेप सुटलेल्या गालिच्याला मात्र हे थोपटणं नको.

एवढं करूनही डाग उरला तर ओलं काम. आधी रंग जातो का पाहा. पांढरा रुमाल ओला करून कोपऱ्यातल्या प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरा. रुमालावर रंग आला तर तिथंच थांबा. नाही आला तर १ लिटर कोमट पाण्यात १ छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, लोकरी कपड्यांसाठीचा द्रव साबण टाका. पांढरं सुती फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा, इतकं की थेंब गळता कामा नये. डागाच्या बाहेरून आत टिपत या. घासायचं नाही, घासलं की लोकर गुंतून नमद्यासारखी होते आणि ती जागा कायमची वेगळी दिसते. मग साध्या पाण्याच्या फडक्यानं दोनदा टिपा. साबण मागं राहिला तर तो चिकट होऊन नवी धूळ पकडतो. धुतलेलीच जागा महिन्याभरात जास्त काळी पडते ती यामुळं. शेवटी १ लिटर पाण्यात २ मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घालून त्या पाण्यानं एकदा टिपा. उरलीसुरली अल्कली त्यानं मरते.

आता एक गोष्ट, जी बहुतेक लोक करत नाहीत आणि मग दुसऱ्या दिवशी डाग परत उगवला म्हणून कपाळाला हात लावतात. टिपून झाल्यावर त्या जागेवर पांढऱ्या सुती कापडाची चार-पाच पदरी घडी ठेवा, वर पॉलिथिन, वर पाटा किंवा पाण्यानं भरलेली कळशी. दोन तासांनी घडी बदला, अशी दोन-तीनदा. वर चढणारं पाणी डाग घेऊन धाग्याच्या टोकाशी न थांबता कापडात जातं. पहिली घडी उचललीत की तिच्यावर तांबूस चकती उमटलेली दिसेल, ती नाहीतर गालिच्यावर उमटली असती. घडी स्वच्छ निघाली की ती जागा खालून दोन पाटांवर उचलून धरा आणि दोन्ही बाजूंनी वारा लागेल असा पंखा तिरका लावा. इस्त्री, केस वाळवायचं मशीन नको. लोकर आक्रसते आणि कृत्रिम धागा वितळून चकाकी येते. एसी असेल तर त्यातला कोरड्या हवेचा मोड लावा, पंख्यापेक्षा भारी पडतो.

तांबड्या मातीचा फिका नारिंगी डाग यानंतरही राहू शकतो. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडच्या जांभ्या मातीला रंग येतो तो लोखंडाच्या ऑक्साइडमुळं, आणि ते साबणात विरघळत नाही. किराणा दुकानात मिळणारं लिंबू सत्त्व घ्या, एका कप कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा. कोपऱ्यात करून पाहा, मग डागावर टिपा, पाच मिनिटं थांबा, साध्या पाण्यानं दोन-तीनदा टिपून काढा. अख्खं लिंबू पिळू नका, त्यातला गर आणि साखर धाग्यात राहते. क्लोरीनचं ब्लीच तर चुकूनही नको. मातीचा डाग त्यानं जात नाही, लोकर पिवळी पडून विरते आणि लिंबू सत्त्व किंवा व्हिनेगर लावलेल्या जागी पडलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. काळ्या मातीच्या, म्हणजे शिरोळ-हातकणंगल्याकडच्या चिकणमातीच्या डागाला आम्लानं काही होत नाही. तिथं रंगाचा प्रश्न नसतो, कण फार बारीक असतात. तिला पूर्ण वाळवून व्हॅक्यूम करणं हाच उपाय, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा.

एक डाग खास आपल्या गावचा. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावतात. अशी चपल भिजली की तिच्यातलं टॅनिन, म्हणजे साल-हिरड्यातला तुरट अंश, पाण्याबरोबर उतरतं आणि फिक्या गालिच्यावर चहासारखा डाग पडतो. त्यावर साबण किंवा सोडा लावलात तर तो गडद होतो, आणि मातीतलं लोखंड त्याला भेटलं तर निळा-काळा, शाईसारखा. जुन्या काळी शाई याच दोन गोष्टींपासून करत. याला पहिल्यापासूनच आम्ल लावा : व्हिनेगर आणि पाणी समभाग, टिपत राहा. शाईसारखा झाला असेल तर लिंबू सत्त्व. हळदीच्या रश्शाचं मात्र उलट समजा. साबण लागल्यावर ती लाल झाली तर घाबरू नका, साबण निघाला की पुन्हा पिवळी होते. लोकरीवरून ती पूर्ण जाईल अशी आशा धरू नका, उन्हात हळूहळू फिकी पडते.

पुढच्या वर्षीपासून गालिचा मृगाच्या आधी, म्हणजे जूनचा पहिला आठवडा उजाडायच्या आत उचला. मे महिन्यात वळीव कधी कोसळेल सांगता येत नाही, म्हणून गालिचा उन्हाला सकाळी टाका आणि दुपारी चारच्या आत घरात घ्या. भर दुपारचं ऊन रंगाला नको, सकाळची दोन-तीन तास पुरे. व्हॅक्यूम करून मगच गुंडाळा. कसर मळक्या, अन्न सांडलेल्या लोकरीवर आधी बसते. घडी कधीच घालू नका, घडीवर लॅटेक्स तडकतो. चार इंची पीव्हीसी पाइपवर, टफ्टेड असेल तर लव बाहेर ठेवून गुंडाळा, म्हणजे लेपावर ताण येत नाही. वरून जुन्या सुती चादरी. प्लॅस्टिक नको, आत ओल कोंडते. गुंडाळी कॉटवर किंवा माळ्यावर, भिंतीपासून वीतभर लांब. डांबरगोळ्या घालायच्या तर कापडी पुरचुंडीत, आणि घरात लहान मुलं असतील तर घालूच नका. कडुलिंबाचा पाला घालण्याची पद्धत चांगली आहे, पण तो कडकडीत वाळलेला हवा, ओलसर पाला म्हणजे बुरशीला जेवण. दर तीन आठवड्यांनी, उघडीप मिळेल त्या दिवशी, उलगडून पंख्याखाली तासभर ठेवा.

नवरात्राआधी सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर किंवा तळ्यावर न्यायची आपली रीत आहे. गालिचा त्यात धरू नका. भिजलेला ६ बाय ९ चा लोकरी गालिचा दोन माणसांनाही सहज उचलत नाही, उचलताना लेप फाटतो, आणि साबणाचं पाणी पंचगंगेत जातं ते वेगळंच. दसऱ्यानंतर, कोरड्या हवेत, वर सांगितल्याप्रमाणे डागापुरतं काम करा. तुमचे तपकिरी पट्टेही तेव्हाच : व्हिनेगरचं पाणी, टिपणं, घडी, वजन. धुऊन देणाऱ्यांना बोलावलंत तर एकच विचारा, की मशीन पाणी परत ओढून घेतं का, आणि किती तासांत वाळतो. नुसता फेस घासून जाणाऱ्याला परत पाठवा.

पुराच्या पट्ट्यातल्या वाचकांसाठी दोन ओळी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी त्याच्या पुष्कळ वर गेली होती. ३९ ची बातमी आली की खालच्या मजल्यावरचे गालिचे उचला, ४३ ची वाट पाहू नका. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी असतं. त्यात बुडालेला टफ्टेड गालिचा टाकून द्या. गाठींचा असेल तर लगेच वाहत्या स्वच्छ पाण्यात धुऊन वाचू शकतो.

आता लेकीचं. तिचे पांढरे डाग बर्फाचे नाहीत, मिठाचे आहेत. तिकडं रस्त्यावर आणि फुटपाथवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. साधं मीठ साधारण उणे ९-१० अंशांच्या खाली नीट काम करत नाही, म्हणून जास्त थंडीत कॅल्शियम क्लोराइड वापरतात. दोन्ही बुटाला चिकटून घरात येतात. साधं मीठ वाळून पांढरं खरखरीत होतं. कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळं ती जागा कायम दमट-तेलकट लागते आणि धूळ धरते. क्रम इथलाच : पूर्ण वाळू द्यायचं, ब्रशनं मोकळं करून सावकाश व्हॅक्यूम करायचं. जेवढं मीठ कोरडं निघेल तेवढं चांगलं, कारण पाणी घातलं की ते विरघळून खाली उतरतं. मग कोमट पाणी आणि पांढरं व्हिनेगर समभाग, स्प्रेनं फवारायचं, पाच मिनिटांनी टिपायचं, साध्या पाण्यानं पुन्हा टिपायचं, आणि घडी-वजन आहेच. कॅल्शियम असलेल्या डागावर साबण आधी लावू नये, त्याचा पांढरा साका होतो आणि डाग दुप्पट दिसतो. तिच्या बाजूनं एक गोष्ट आहे, जी आपल्याकडं नाही. हिवाळ्यात हीटिंगमुळं घरातली हवा इतकी कोरडी असते की टिपलेली जागा काही तासांत वाळते. त्यामुळं तिला दर पंधरवड्याला ओलं काम करायला हरकत नाही. ती जे टोरांटोत बिनधास्त करेल, ते तुम्ही पेठेत करू नका. थंड देशांत तर कोरडा भुसभुशीत बर्फ पडला की लोकरी गालिचा त्यावर पालथा टाकून झोडपायची जुनी रीत आहे. उचलला की बर्फावर राखाडी चौकोन उरतो.

दारात तिनं काठ असलेला प्लॅस्टिकचा बूट-ट्रे ठेवावा, म्हणजे वितळलेलं खारं पाणी गालिच्यावर न जाता त्यात राहतं. ट्रेत मूठभर गोटे टाकले तर बूट पाण्यात बसत नाहीत. ट्रेपासून आत चार-पाच फूट लांबीची पाणी शोषणारी मॅट, आठवड्यातून एकदा धुऊन. बर्फ बाहेर पायरीवरच टाच आपटून झाडायचा. हिवाळा सरला की, साधारण एप्रिलमध्ये, पाणी फवारून ओढून घेणारं मशीन भाड्यानं आणावं. ते तिकडच्या मोठ्या दुकानांत मिळतं. एकदा शॅम्पूनं फिरवलं तर दोनदा नुसत्या पाण्यानं फिरवायचं.

डिपॉझिटची धास्ती तिनं सोडावी. टोरांटो ज्या ऑन्टारिओ प्रांतात आहे तिथं घरमालकाला नुकसानीसाठी म्हणून डिपॉझिट घेताच येत नाही. शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेता येतं आणि ते भाड्यातच वळतं करावं लागतं. वापरानं होणारी साधी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. त्यापलीकडचं नुकसान असेल तर घरमालकाला तिथल्या भाडेविषयक न्यायमंडळाकडं जावं लागतं. तेव्हा दारापाशी, सोफ्याखाली आणि चालायच्या वाटेवर गालिच्याचे तारखेसह फोटो तिनं आजच काढून ठेवावेत, आणि एप्रिलमध्ये मशीन आणलं की त्याची पावती जपून ठेवावी.